विहिरीतल्या अस्वलाचा फोटो

प्रल्हादभाऊ,

तुमच्या निधनाची बातमी मीच लिहिली. सात ओळी. नाव, वय, गाव, मागे कोण कोण आहे, अंत्यसंस्कार कुठे झाले. डेस्कवर तिला कात्री लागली नाही, कारण कापण्यासारखं तिच्यात काही नव्हतं. चूकही नव्हती. पण तुमच्या नावानं माझ्या हातून एक चूक चार वर्षांपूर्वी छापून गेली होती, आणि ती तशीच राहिली.

विहिरीतल्या अस्वलाच्या फोटोखाली तुमचं नाव गेलं होतं. दोन ओळींची दुरुस्ती छाप, एवढंच तुम्ही म्हणाला होतात. मी छापली नाही. तुम्हाला जाऊन आज बारा दिवस झाले. ती दुरुस्ती मागणारं आता कोणी नाही. न छापली तरी कोणी विचारणार नाही. म्हणूनच लिहायला बसलो.

तुम्हाला सगळं माहीत आहे. वाचणाऱ्यांना माहीत नाही, म्हणून क्रमानं लिहितो.

मोताळ्यात बस स्टँडजवळ तुमचा स्टुडिओ आणि त्याच्या वर आमच्या वृत्तपत्राचं एका खोलीचं कार्यालय. मी तालुक्याचा बातमीदार. तुम्ही लग्नाचे, पासपोर्टचे फोटो काढायचात आणि बातमीला लागतील तेव्हा आमचेही. जिना एकच. सतरा वर्षं मी वरून हाक मारली, "भाऊ, निघायचं," आणि खाली येईपर्यंत तुम्ही शटर अर्धं ओढून उभे असायचात. गाडी माझी, मागे तुम्ही. कॅमेऱ्याची बॅग तुम्ही पाठीवर कधी घेतली नाही, छातीशी धरायचात. खड्डा आला की बॅग दोन्ही हातांनी वर उचलायचात आणि स्वतः आपटायचात.

"भाऊ, धरून बसा," मी म्हणायचो.

"तू गाडी पाह्य. हाड जुळते रे. काच नाही जुळत."

पोचल्यावर मी वही काढायचो. तुम्ही कॅमेरा काढायचा नाहीत. आधी एक चक्कर मारायचात. उजेड कुठून येतो आहे, मागे काय आहे, कोण बोलतं आहे आणि कोण नुसतं उभं आहे, हे पाहायचात. लोक म्हणायचे, "काढा ना भाऊ फोटो." तुम्ही म्हणायचात, "पाहू तर दे आधी." मला बातमी पाठवायची घाई असायची. या चकरांवरून आपली पुष्कळ वादावादी झाली. आता मोजायला गेलं तर तुमचा एकही फोटो उशिरामुळे पान चुकल्याचं मला आठवत नाही. माझ्या दोन-तीन बातम्या चुकल्या आहेत.

आणखी एक सवय होती तुमची. डेस्कला जाणाऱ्या प्रत्येक प्रिंटच्या मागे बॉलपेननं नाव लिहायचं, गिचमिड नाही, शाळेत पहिल्या पानावर लिहितात तसं. एकदा आठवडी बाजारातला एक फोटो गेला. मिरच्यांच्या ढिगामागे बसलेली बाई शिंक आवरते आहे. मागे नाव होतं तुमच्या लेकीचं, शीतलचं. ती तेव्हा आठवीत होती. डेस्कवरून मला फोन: "ही शीतल कोण?" मी खाली येऊन विचारलं. तुम्ही म्हणालात, "ज्यानं काढला त्याचं नाव. मी निस्ता छापून देल्ला." फोटो तिच्या नावानं आला. तो अंक तुम्ही स्टुडिओत भिंतीला लावला नाही, फाईलमध्ये ठेवला. त्या फाईलकडे शेवटी येतो.

मोबाईलवरून आपलं भांडण कधी सुरू झालं, ते मला नेमकं सांगता येणार नाही. माझ्या हातात पहिला बरा कॅमेरा असलेला फोन आला तेव्हा तुम्ही तो उलटा करून पाहिलात, मागची बारकी काच अंगठ्यानं पुसलीत आणि म्हणालात, "हे तर चिमणीचा डोया हाये."

मी म्हणालो, "चिमणीला दिसतं ना पण."

"दिसते. दाना दिसते."

मग तुम्ही मला समजावून सांगायला लागलात. तुमच्या कॅमेऱ्यात आत जी पट्टी असते, जिच्यावर चित्र उमटतं, ती पोस्टाच्या तिकिटाएवढी. मोबाईलमधली करंगळीच्या नखाएवढी. "गारा पडतात तवा आंगनात परात ठेव अन् वाटी ठेव. कशात जास्त येतीन?" परातीत, मी म्हणालो. "मंग उजेडाचं तसंच हाये. वाटीत कमी आला का मोबाईल काय करते? बाकीचा मनानं भरते."

'मनानं भरते' हे तुमचं म्हणणं मला तेव्हा कुरकुर वाटलं. धंदा बसायला लागलेल्या माणसाची कुरकुर. एका लग्नात नवरीच्या मावशीनं मोबाईलवर काढलेला फोटो तुम्हाला दाखवला होता. मागचं सगळं धूसर, नवरी लख्ख. "पाहा भाऊ, तुमच्यासारखाच आला." तुम्ही तो मोठा करून पाहिलात आणि नंतर मला बाजूला घेऊन सांगितलंत, नवरीच्या मुंडावळ्यांची एक लड चेहऱ्यावर आहे आणि दुसरी मागच्या धुरात विरघळली आहे. "त्याले समजलं नाही का हे लड नवरीची हाये का मांडवाची. लेन्सले समजा लागत नाही. जे जवळ थे जवळ, जे दूर थे दूर." मावशीला मात्र तुम्ही म्हणाला होतात, "मस्त आला बाई."

माझी बाजूही लिहिली पाहिजे. मी म्हणायचो, फोटो दोन कॉलमात छापणार, तोही वर्तमानपत्राच्या कागदावर. त्यात तुमची परात आणि माझी वाटी एकच दिसते. मी म्हणायचो, फोन खिशात असतो, घटना घडते तेव्हा तो तिथे असतो. तुमचा कॅमेरा कपाटात असतो, बुटांच्या दुकानातून मागून आणलेल्या, ओल शोषणाऱ्या त्या बारक्या पुड्यांबरोबर स्टीलच्या डब्यात, बुरशी लागू नये म्हणून. मी म्हणायचो, कमी उजेडात नवा फोन तुमच्या जुन्या कॅमेऱ्यापेक्षा चांगलं काढतो. हे शेवटचं तुम्ही एकदा मान्य केलंत. एका वरातीत दोन्हींवर काढून पाहिलंत, स्टुडिओत मोठ्या पडद्यावर लावलंत, बराच वेळ बघत राहिलात आणि म्हणालात, "अंधारात थो माह्या पुढं गेला. खोटं काऊन बोलू." त्या दिवशी जिंकल्याचा मला काही आनंद झाला नाही. तुम्ही पडदा बंद केलात आणि पासपोर्टचे फोटो कापायला घेतलेत.

मी तुम्हाला सगळ्यात वाईट बोललो ते उंद्रीच्या माणसावरून.

तो चिखली तालुक्यातून मोटारसायकलनं इतक्या लांब आला होता, कारण हे काम तुम्ही नीट करता असं त्यानं ऐकलं होतं. त्याची आई गेली होती. हयातीत तिचा एकही फोटो नव्हता. आधार कार्डावरचा होता, पण तो तिचा आहे असं घरात कोणीच मानत नव्हतं. शेवटी कोणीतरी ती गेल्यावर, बाजेवर ठेवलेली असताना, एक फोटो घेतला होता. डोळे मिटलेले. तो प्रिंट पुढे करून तो म्हणाला, "डोये उघडून द्या भाऊ."

आपल्याकडच्या फोटोग्राफरांना हे काम नवीन नाही. कोणाचे तरी डोळे कापून चिकटवतात, दहा मिनिटांत होतं. तुम्ही त्याला स्टुलावर बसवलंत आणि विचारलंत, "आईचे डोये कोनावर गेले?"

"माह्या बहिनीवर."

"मंग तिले आन."

तो पुन्हा आला, बहिणीला घेऊन. तुम्ही तिला खिडकीपाशी बसवलंत, पन्नासची लेन्स लावलीत. मी जिन्यात उभा राहून बघत होतो. तुम्ही तिला विचारलंत, "बाई, माय कशी पाहे? सरळ पाहे का?"

ती म्हणाली, "नाही जी. खाली पाहे. चुलीकडं पाहून बोले."

"मंग तसंच पाह्य."

त्या बहिणीचे खाली बघणारे डोळे तुम्ही आईच्या चेहऱ्यावर दोन दिवस बसवत होतात. मुलानं फोटो हातात घेतला आणि फक्त "हाव," म्हणाला. थोड्या वेळानं म्हणाला, "आता बोलन असं वाटते."

तो गेल्यावर मी म्हणालो, "भाऊ, मोबाईल मनानं भरतो म्हणून तुम्ही त्याला नावं ठेवता. तुम्ही तर मेलेल्या बाईचे डोळे उघडले. यात खरं काय आहे?"

तुम्ही चिडाल असं वाटलं होतं. तुम्ही लेन्सला झाकण लावलंत. म्हणालात, "मी इचारलं दिलीप. तिच्या लेकीले इचारलं, लेकाले इचारलं. मोबाईल कोनाले इचारते?"

वाद तिथेच थांबला. मी मनाशी ठरवलं होतं की पुढच्या वेळी सांगू, काहीतरी उत्तर सापडेल. अजून सापडलेलं नाही.

आता दुसरी गोष्ट, चार वर्षांपूर्वीची. ही तुम्हाला मी कधीच सांगितली नाही.

डेस्कवरून उपसंपादकांचा फोन आला होता. प्रश्न साधा होता. "तालुक्याला वेगळा फोटोग्राफर लागतो का हो? तुमच्या मोबाईलवर भागेल ना?" मी बातमी लिहीत होतो, फोन खांद्यानं कानाशी धरला होता. म्हणालो, "चालेल." तेही "बरं" म्हणाले. मिनिटभराचं बोलणं. तुम्ही त्या वेळी खाली होतात. कोणाला तरी सांगत होतात, "हनुवटी जरा खाली, बस, हालू नका." ते मला वर ऐकू येत होतं.

तुमच्या बाजूनं मी दोन वाक्यं बोलू शकलो असतो. तुमचे फोटो कधी उशिरा गेले नाहीत, हे खरं होतं आणि मला माहीत होतं. कोणी माझ्यावर जोर केला नव्हता. एवढं तपशिलात लिहितो, कारण नंतर मी स्वतःला बरंच काही समजावलं. वरूनच ठरलं होतं, माझ्या हातात नव्हतं, आज ना उद्या होणारच होतं. यातली पहिली दोन खोटी आहेत. मला विचारलं होतं आणि मी उत्तर दिलं होतं.

उद्या सांगू, असं करत दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी डोंगराकडच्या एका गावातून फोन आला, विहिरीत अस्वल पडलं आहे. उन्हाळ्यात पाण्यासाठी ती खाली उतरतात, आपल्याकडे हे दर वर्षाचं आहे. मी जिना उतरलो. तुमचं शटर अर्धं वर होतं. गाडीला किक मारताना हाक तोंडापर्यंत आली होती. मी ती मारली नाही आणि एकटा गेलो.

विहीर खोल होती, चाळीसएक फूट. तळाशी गुडघाभर पाणी आणि कपारीला टेकून बसलेलं अस्वल. वनखात्याची माणसं शिडी सोडायच्या तयारीत होती. आत सावली, वर कडक ऊन. मी काठावर पालथा झोपून फोन खाली धरला, झूम केलं आणि आठ-दहा फोटो घेतले. चक्कर मारली नाही. त्यातला बरा वाटला तो तिथूनच पाठवून दिला. संध्याकाळी गर्दी हटवल्यावर अस्वल शिडीनं वर आलं आणि डोंगराकडे गेलं. ते पाहायला मी थांबलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी फोटो पहिल्या पानावर, चार कॉलमात आला. खाली छापलं होतं: छाया, प्रल्हाद वानखडे. मोताळ्याचा फोटो म्हटला की ती ओळ पान लावणारा जुन्या फाईलमधून उचलायचा, सतरा वर्षं उचलत होता. त्याला कोणी काही सांगितलं नव्हतं. मीही सांगितलं नव्हतं.

तुम्हाला हे स्टँडवरच्या हॉटेलात कळलं. हा भाग मला नंतर हॉटेलवाल्यानं सांगितला. तुम्ही चहाला टेकलात तर कोणीतरी म्हणालं, "काय प्रल्हादभाऊ, म्हैस ढकलली काय विहिरीत?" तुम्हाला समजेना. दुसरा म्हणाला, "अस्वलाची हजामत करून फोटो काढला भाऊनं." सगळे हसले. मग कोणीतरी अंक पुढे सरकवला. हॉटेलवाला सांगत होता, भाऊनं पेपर वाचला नाही, नुसता फोटो पाहिला, आणि चहा तसाच ठेवून उठले.

तुम्ही जिना चढून आलात तेव्हा हातात तो अंक होता आणि निगेटिव्ह पाहायचं ते जुनं गोल भिंग. अंक माझ्या टेबलावर पसरलात, अस्वलावर भिंग ठेवलंत आणि मला म्हणालात, "पाह्य."

मी पाहिलं. छपाईचे ठिपके दिसत होते आणि काळा रंग. अस्वलाच्या अंगावर केस नव्हते. काळं ओलं रेक्झिन पांघरल्यासारखं अंग होतं.

"हे तुह्या मोबाईलमधलं नं?"

"हो."

"किती ओढलं?"

"आठ पट असंल."

"थे ओढनं नसते. कापून तानते थो. अन् तानलं का फाटते, मंग वरून लिपते."

"आत अंधार होता भाऊ."

"हाव. त्याले केस दिसले नाहीत. मंग त्यानं ठरोलं का केस नाहीतच." तुम्ही भिंग उचललंत, सदऱ्याला पुसलंत. "माह्या सत्तर-दोनशेच्या लेन्सनं काढला असता तं दाने आले असते फोटोत. खरखरीत आला असता. पन दान्यासंगं केसही आले असते."

मी वाट पाहत होतो की तुम्ही विचाराल, मला काऊन नाही बोलावलं? मी उत्तर तयार ठेवलं होतं, घाई होती म्हणून. तुम्ही ते विचारलं नाहीत. विचारलंत ते वेगळंच.

"फोटो तुहा. नाव माहं काऊन?"

मी पान लावणाऱ्याची चूक समजावून सांगितली.

"मंग दोन ओळी छाप. का फोटो माहा नोहे म्हणून."

मी म्हणालो, "भाऊ, दुरुस्ती छापली तर लोक विचारतील, मग प्रल्हादभाऊ कुठं होते?"

तुम्ही म्हणालात, "इचारू दे. मी दुकानात होतो."

एवढं बोलून तुम्ही खाली गेलात. अंक टेबलावरच राहिला होता, तो घ्यायला पुन्हा वर आलात.

मी दुरुस्ती पाठवली नाही. तुमचा मान राखण्यासाठी पाठवत नाही, अशी स्वतःची समजूत घातली. खरं कारण असं की दुरुस्ती लिहायची तर फोटो कोणी काढला ते लिहावं लागलं असतं, आणि मग का काढला ते. मी डेस्कला फक्त कळवलं की यापुढे मोताळ्याच्या फोटोखाली ती ओळ टाकू नका. त्यानंतर मोताळ्याच्या फोटोखाली कोणाचंच नाव आलं नाही.

तुम्ही येणं थांबवाल असं मला वाटलं होतं. तुम्ही चौथ्या दिवशी आलात, माझा फोन मागितलात आणि सेटिंग उघडून चेहरे गुळगुळीत करणारं जे काय होतं ते बंद केलंत. "काढाचंच हाये तं नीट काढ." पुढची चार वर्षं तुम्ही मला शिकवलंत. झूम करू नको, पाय उचल. काढायच्या आधी काच पूस, सदऱ्याच्या आतल्या बाजूनं. सूर्य पाठीशी नको, बाजूला घे. माणूस कडेला ठेवू नको, कडेला मोबाईल डोकं ताणतो. माझे फोटो सुधारले. डेस्कवरून दोनदा कौतुक आलं. ते मी तुम्हाला सांगितलं, तुम्ही म्हणालात, "मंग. चक्कर मारत जाय आता."

आणि दर उन्हाळ्यात कुठे ना कुठे अस्वल विहिरीत पडायचं. बातमी आली की सकाळी आठच्या आत तुमचा फोन. ना नमस्कार, ना काही. "काय बातमीदार, अस्वलाले केस आले का?"

मी म्हणायचो, "नाही आले अजून, भाऊ."

"येतीन, येतीन," म्हणून तुम्ही ठेवून द्यायचात. मी हसायचो. ती थट्टा आहे असंच मी चार वर्षं धरून चाललो. यंदाही तुमचा फोन आला होता. मी तेच उत्तर दिलं. आपलं शेवटचं बोलणं ते.

पाचव्या दिवशी मी तुमच्या घरी गेलो. बैठकीत तुमचा फोटो लावला आहे, हार घातलेला. वहिनी शेजारी बसल्या होत्या. म्हणाल्या, "शीतलच्या मोबाईलमधला हाये. चांगला आला नं हो?"

मी उठून जवळ गेलो. भाऊ, तुम्ही उजवा डोळा कॅमेऱ्याला लावायचात आणि डावा मिटायचात. आयुष्यभर. त्यानं तुमच्या डाव्या डोळ्याच्या कडेला चुण्यांचा जो झुबका पडला होता, तो उजव्याला नव्हता. समोरून पाहिलं की तुम्ही कायम काहीतरी नेम धरून आहात असं वाटायचं. फोटोत दोन्ही डोळे सारखे आहेत. मोबाईलनं चुण्या पुसून टाकल्या आहेत. कोणाला विचारलेलं नाही.

मी वहिनींना म्हणालो, "चांगला आला आहे."

त्यांनी मान डोलावली. खोलीत आणखी आठ-दहा माणसं होती, सगळी त्या फोटोकडे बघत होती आणि कोणाला काही कमी दिसत नव्हतं. मला दिसत होतं, कारण तुम्ही मला पाहायला शिकवलं होतं. ते ज्याला सांगायचं तो माणूस फोटोत होता. तेव्हापासून हे रोज होतं आहे. अंक उघडतो, मोबाईलवर लोकांनी पाठवलेले फोटो उघडतो, आणि कुठे लड विरघळलेली दिसते, कुठे झाडाची पानं एकमेकांत लिपलेली. पूर्वी मी जिना उतरून खाली यायचो. आता जिन्यापर्यंत जातो. खाली शटर पूर्ण ओढलेलं आहे. कोणी कोणाला हनुवटी खाली घ्यायला सांगत नाही.

निघताना शीतलनं तुमची फाईल आणून दिली. म्हणाली, "काका, बाबाचे पेपरमधले फोटो आहेत सगळे. तुम्ही वर्षं बरोबर लावून द्याल का?" मी घरी नेली. सतरा वर्षांची कात्रणं, एका पानावर एक, डिंकानं चारी कोपरे चिकटवलेले. मिरच्यांची बाई आहे, खाली शीतलचं नाव. पानं उलटत शेवटाकडे आलो. शेवटचं कात्रण अस्वलाचं.

फोटोखालच्या ओळीत तुमच्या नावावर बॉलपेननं एक रेघ मारली आहे. आडवी, सरळ, पट्टी लावून मारल्यासारखी. आणि बाजूला, प्रिंटच्या मागे लिहायचात त्याच अक्षरात, माझं पूर्ण नाव. मी वर बसून स्वतःची समजूत घालत होतो तेव्हा तुम्ही खाली बसून तुमच्यापुरती दुरुस्ती केली होती. त्याच दिवशी केली असणार. अंक घ्यायला तुम्ही पुन्हा वर आला होतात.

फोनवर मी काय म्हणालो होतो, ते तुम्हाला कळलं होतं की नाही, हे त्या पानावरून कळत नाही. मी बराच वेळ शोधलं. पानावर दुसरं काही नाही.

संपादकांनी या लेखासाठी पुरवणीत जागा दिली आहे. त्यातली शेवटची एवढी जागा मी राखून ठेवली होती.

दुरुस्ती. चार वर्षांपूर्वी या वृत्तपत्राच्या पहिल्या पानावर प्रसिद्ध झालेले, मोताळा तालुक्यातील विहिरीत पडलेल्या अस्वलाचे छायाचित्र प्रल्हाद वानखडे यांनी घेतलेले नव्हते. त्यांचे नाव चुकीने छापले गेले. ते छायाचित्र प्रस्तुत बातमीदाराने मोबाईलवर घेतले होते. वेगळ्या छायाचित्रकाराची गरज नाही, असे डेस्कला सांगणाराही तोच. त्या दिवशी प्रल्हाद वानखडे आपल्या दुकानात होते. त्यांना कोणी बोलावले नव्हते. अस्वलाच्या अंगावर केस होते.